फोटोवरच्या रेघा: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात ब्राउझरमध्ये फोटो उघडून त्यावर रेघा आखणाऱ्यांचे प्रश्न जास्त आहेत. कोणी रस्त्याच्या लेन आखतंय, कोणी काँक्रीटच्या भेगा, कोणी संत्र्याच्या ओळी. बहुतेकांनी सीव्हॅट किंवा व्हीआयए यांपैकी एका साधनाचं नाव लिहिलं आहे, म्हणून उत्तरंही त्यांनाच धरून आहेत. सीव्हॅट इंटेलमध्ये तयार झालं आणि २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. व्हीआयए ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या व्हिज्युअल जॉमेट्री ग्रुपचं आहे. ती एकच एचटीएमएल फाइल असते आणि नेट नसतानाही चालते. दोन्हीत सरळ तुकडे जोडून केलेल्या रेघेला पॉलिलाइन म्हणतात.

प्रश्न: नमस्कार. मी घरूनच गाडीच्या कॅमेऱ्यातल्या फोटोंवर लेन आखायचं काम करून राहिलो. वर्धा रोड, रिंग रोड, सगळे आपल्या नागपूरचेच फोटो. सरळ रस्त्यावर काही अडचण नाही, पण वळणावर माझी रेघ पट्ट्याच्या आतून जाते म्हणून काम परत येतं. मग मी शिफ्ट दाबून माउस ओढत रेघ काढली, तर आता म्हणतात बिंदू खूप झाले. नेमके किती बिंदू द्यायचे? आणि तपासणारे अगदी २ पिक्सेलचा हट्ट का धरतात?
एक वाचक, मानेवाडा

उत्तर: आकडा रस्त्यावर ठरतो, पण तो ठरवायची रीत सोपी आहे. दोन बिंदूंमध्ये साधन सरळ रेघ जोडतं आणि वळण मात्र बाहेरच्या अंगाला फुगलेलं असतं. त्यामुळे चूक सगळ्यात जास्त दिसते ती दोन बिंदूंच्या बरोबर मध्यावर. ही चूक अंतराच्या वर्गाने वाढते. समजा फोटोतल्या वळणाची त्रिज्या १००० पिक्सेल आहे. बिंदू १२० पिक्सेल अंतरावर ठेवले, तर मध्यावर रेघ सुमारे १.८ पिक्सेल आत सरकते. तेच अंतर २४० केलं की चूक ७.२ होते. अंतर दुप्पट, चूक चौपट. म्हणून तपासताना बिंदू बसले का ते पाहू नका, दोन बिंदूंच्या मधली जागा पाहा. तिथे रेघ पट्ट्याच्या मध्यापासून २ पिक्सेलपेक्षा जास्त सुटत असेल, तर तिथेच एक बिंदू वाढवा आणि पुढे चला.

सरळ भागाला दोन टोकं पुरतात. तरी गाडीच्या कॅमेऱ्याची काच रुंद कोनाची असेल तर फोटोच्या कडेला सरळ पट्टासुद्धा किंचित वाकतो, तिथे एखादा बिंदू जास्तीचा लागतो. शिफ्ट धरून ओढलेल्या रेघेत बिंदूंची माळच पडते आणि हाताचा प्रत्येक थरकाप नोंदला जातो. पुढे कोणाला ती रेघ ४ पिक्सेल सरकवायची झाली तर तीस-चाळीस बिंदू एकेक करून हलवावे लागतात. तपासणारे चिडतात ते यासाठी, आणि आमच्या मते त्यांचं बरोबर आहे. नदीकाठ किंवा भेग यांसारख्या वेड्यावाकड्या गोष्टींना ओढायची पद्धत ठीक; लेनला नको.

बिंदूंच्या संख्येपेक्षा काम परत येण्याचं मोठं कारण आणखी एक असतं: नियम आधी ठरलेले नसतात. पहिला फोटो उघडण्याआधी काम देणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. रेघ पट्ट्याच्या मध्यावर घ्यायची की आतल्या कडेवर? जवळून पट्टा २० पिक्सेल रुंद दिसत असेल तर या एकाच गोष्टीने १० पिक्सेलचा फरक पडतो. तुटक पट्टे एकाच रेघेने जोडायचे की प्रत्येक तुकडा वेगळा? लेन ओळखायचं काम असेल तर सहसा जोडतात, रंग पुसला गेला का हे पाहायचं असेल तर तुकडे वेगळे ठेवतात. पुढच्या ट्रकने किंवा ऑटोने पट्टा झाकला असेल तर अंदाजाने रेघ पुढे न्यायची का? आणि रेघ कुठून सुरू करायची? आमचा आग्रह असा की नेहमी गाडीच्या नाकापासून दूर क्षितिजाकडे जा, आणि लेन डावीकडून उजवीकडे क्रमाने घ्या. दिशा एकसारखी असली की पुढची बरीच डोकेदुखी टळते.

झाकलेल्या भागाबद्दल एक खाचखळगा आहे. सीव्हॅटमध्ये क्यू दाबला की आकार ‘झाकलेला’ म्हणून नोंदला जातो, पण तो पूर्ण आकार. रेघेचा फक्त मधला तुकडा झाकलेला आहे असं त्याला सांगता येत नाही. तेवढंच सांगायचं असेल तर त्या भागाची वेगळी रेघ घ्या आणि तिच्या टोकाचे बिंदू शेजारच्या रेघांच्या टोकांवर बसवा.

तुमचे तपासणारे अगदी २ पिक्सेलचा हट्ट का धरतात, असंही तुम्ही विचारलं आहे. ट्युसिंपलच्या प्रसिद्ध लेन-संचात (लेन आखलेल्या फोटोंचा संच) फोटो १२८० बाय ७२० चे आहेत आणि मॉडेलने, म्हणजे लेन ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रामने, दिलेला बिंदू खऱ्या रेघेपासून साधारण २० पिक्सेलच्या आत असला तर तो बरोबर धरतात. सवलत मोठी वाटते, पण ती मॉडेलला दिलेली आहे. ज्या रेघेवर मॉडेल तोलायचं तीच ८-१० पिक्सेल हललेली असेल, तर अर्धी सवलत आखणाऱ्यानेच खाल्लेली असते.

प्रश्न: रेघ पूर्ण झाल्यावर मध्येच नवा बिंदू कसा घालायचा? मी प्रत्येक वेळी पूर्ण रेघ पुसून नव्याने काढते. शिवाय आखलेली रेघ धरून बाजूला सरकवायला गेले तर ती हलतच नाही.
एक वाचक, महाल

उत्तर: पुसायची काहीच गरज नाही. सीव्हॅटमध्ये रेघेवर माउस नेला की बिंदू दिसतात. एखादा बिंदू थोडा चुकला असेल तर तो धरून ओढा. नको असलेल्या बिंदूवर उजवं क्लिक केलं की तो काढून टाकायचा पर्याय येतो. नवे बिंदू घालायचे असतील तर ज्या बिंदूपासून दुरुस्ती सुरू करायची त्याच्यावर शिफ्ट धरून क्लिक करा, आता नवी रेघ माउसच्या मागे यायला लागते. हवे तिथे क्लिक करत या आणि जुन्या रेघेच्या पुढच्या चांगल्या बिंदूवर क्लिक करून बंद करा. मधला जुना तुकडा जातो, नवा त्याच्या जागी येतो.

रेघ टोकाला आखूड पडली असेल तर आधी शेवटचा बिंदू धरून नव्या टोकापर्यंत ओढा. मग त्याच्या अलीकडच्या बिंदूवर शिफ्ट धरून क्लिक करा, मधले बिंदू घाला आणि शेवटच्या बिंदूवर बंद करा. आखत असतानाच चुकलं तर उजवं क्लिक शेवटचा बिंदू परत घेतं. माउसचं चाक फिरवून झूम कमी-जास्त करता येतं आणि तेच चाक दाबून धरून फोटो सरकवता येतो. रेघ संपवायला एन दाबा.

पूर्ण रेघ हलत नाही, कारण सीव्हॅटमध्ये पॉलिलाइन मुळातच टाचलेली असते. उजवीकडच्या यादीत त्या आकारासमोर टाचणीचं चिन्ह आहे, ते काढा, रेघ सरकवा आणि पुन्हा लावून टाका. टाचणी काढून ठेवलीत तर बिंदू धरायला जाल आणि आख्खी रेघ हलून जाईल.

व्हीआयएमध्ये रीत वेगळी आहे. एकेक क्लिक करत जा, एंटरने रेघ संपते, बॅकस्पेसने शेवटचा बिंदू जातो, एस्केपने सगळंच रद्द. झालेली रेघ निवडून तिचे बिंदू ओढता येतात. मात्र व्हीआयएचं काम ब्राउझरच्या मेमरीतच असतं. प्रोजेक्ट सेव्ह करून जेसॉन फाइल उतरवून घेतली नाही आणि टॅब बंद झाला, तर गेलं. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांची नावं आणि रेघा असतात, म्हणून फोटोंच्या फोल्डरची नावं बदलू नका.

प्रश्न: व्हिडिओवर ट्रॅक पद्धतीने रेघ घेतली. पहिल्या आणि विसाव्या फ्रेमला ती बरोबर आहे, पण मधल्या फ्रेममध्ये साप वळवळावा तशी नाचते. साधनातच बिघाड आहे का?
एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: बिघाड नाही. ट्रॅकमध्ये तुम्ही ज्या फ्रेमवर रेघ हाताने लावता ती कीफ्रेम, आणि दोन कीफ्रेमच्या मधल्या रेघा साधन हिशोबाने काढतं. त्यासाठी इकडचा बिंदू तिकडच्या कुठल्या बिंदूकडे चाललाय हे त्याला जुळवावं लागतं. पहिल्या फ्रेमला ४ बिंदू आणि विसाव्याला ९, किंवा एक रेघ जवळून दूर आणि दुसरी दुरून जवळ काढलेली, अशी स्थिती असली की जुळणी फसते.

उपाय: रेघ सुरू करतानाच बिंदूंच्या संख्येच्या चौकटीत आकडा भरा, म्हणजे तितके बिंदू झाले की रेघ आपोआप संपते. पुढच्या कीफ्रेमवर बिंदू वाढवू-घटवू नका, आहेत तेच ओढा. आणि प्रत्येक बिंदूला एक काम नेमून द्या: पहिला फोटोच्या खालच्या कडेवर, शेवटचा पट्टा दिसेनासा होतो तिथे, मधले साधारण सारख्या अंतरावर. दिशा उलटी पडली असेल तर आकाराच्या मेनूत ती फिरवायची सोय आहे. सरळ रस्त्यावर दर १० फ्रेमला एक कीफ्रेम चालून जाते. उड्डाणपुलावर चढताना किंवा चौकात वळताना दर ३ ते ५ फ्रेमला लागते. पट्टा फोटोबाहेर गेला की ओ दाबून ट्रॅक तिथे थांबवा, नाहीतर रेघ पुढच्या फ्रेममध्ये हवेत लटकत राहते.

प्रश्न: मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी जुन्या इमारतीच्या बीम-कॉलमवरच्या भेगांचे मोबाइलने फोटो काढले आणि त्यांवर पॉलिलाइन आखल्या. गाइड विचारतात, भेगेची लांबी आणि रुंदी किती? रेघेची जाडी सेटिंगमध्ये कमी-जास्त होते, तीच रुंदी म्हणून लिहू का?
एक विद्यार्थिनी, बजाजनगर

उत्तर: नाही. सेटिंगमधली जाडी फक्त तुमच्या डोळ्यांसाठी आहे. फाइलमध्ये जातात ते बिंदूंचे एक्स आणि वाय, जाडी कुठेच नोंदली जात नाही. पॉलिलाइन भेगेची लांबी आणि वाट सांगते. रुंदीसाठी भेगेच्या दोन्ही कडा धरून बंद आकार घ्यावा लागेल, किंवा भेगमापक पट्टीने जागेवर मोजून तो आकडा रेघेला गुणधर्म म्हणून जोडावा लागेल. तुमच्या प्रकल्पाला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा.

असं का, ते आकड्यांनीच पाहा. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार भेगेची पृष्ठभागावरची रुंदी साधारणपणे ०.३ मिलिमीटरच्या वर जाऊ नये. सतत ओल असेल किंवा माती-भूजलाचा संपर्क असेल तिथे ०.२, आणि अधिक प्रतिकूल वातावरणात ०.१. आता तुमचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि त्यात १ मीटर रुंदीचा भाग आला आहे असं धरा. एक पिक्सेल म्हणजे ०.२५ मिलिमीटर. म्हणजे ०.३ ची भेग जेमतेम एका पिक्सेलची, ०.१ ची तर त्यातही बसत नाही. ती दिसते ती फक्त फिकट सावली म्हणून. ०.३ च्या भेगेला निदान ३ पिक्सेल मिळायला हवे असतील तर एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा हवा, म्हणजे एका फोटोत ४० सेंटिमीटरच रुंदी घ्यायची. मोठ्या बीमचे मग सहा-सात फोटो होतील, शेजारच्या दोन फोटोंत थोडा भाग सामाईक ठेवा. डिजिटल झूम वापरून काहीही हाती लागत नाही, मोबाइल जवळ न्या.

लांबीसाठी फोटोत मोजपट्टी हवीच. १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी भेगेच्या शेजारी, त्याच पृष्ठभागाला चिकटून ठेवा. साधनात तिच्यावर आधी दोन बिंदूंची रेघ घ्या आणि तिला ‘पट्टी’ असं वेगळं लेबल द्या. ती १५०० पिक्सेल भरली तर एक पिक्सेल ०.१ मिलिमीटर. मग भेगेच्या लागोपाठच्या दोन-दोन बिंदूंमधलं अंतर काढून बेरीज करा. उदाहरणार्थ (८१२, ४४०) आणि (१११२, ८४०) हे बिंदू: आडवा फरक ३००, उभा ४००, अंतर ५०० पिक्सेल, म्हणजे ५० मिलिमीटर. वाय वरून खाली वाढतो, फोटोचा शून्यबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो; आलेखाच्या सवयीने इथे गफलत होते. लांबीच्या हिशोबाला फरक पडत नाही, पण भेगेचा कोन काढाल तेव्हा चिन्ह उलटं येईल.

ही लांबी खऱ्यापेक्षा किंचित कमीच येणार, कारण भेग नागमोडी आणि तुमचे तुकडे सरळ. दोन-तीन फोटोंवर बिंदू दुप्पट करून बेरीज पुन्हा काढा. फरक तुम्ही ठरवलेल्या मर्यादेत असेल, समजा २ टक्के, तर पहिली घनता पुरेशी आहे. याउलट कॅमेरा तिरका धरला असेल तर कितीही बिंदू द्या, काही उपयोग नाही. पट्टीजवळचा पिक्सेल आणि पलीकडच्या कोपऱ्यातला पिक्सेल एकाच मापाचे राहत नाहीत. पट्टी एकदा आडवी, एकदा उभी ठेवून पाहा. दोन्हीचं माप जुळलं नाही तर फोटो पुन्हा काढा.

आखताना सीव्हॅटच्या सेटिंगमध्ये फोटो मऊ करायचा पर्याय बंद करा, म्हणजे झूम केल्यावर पिक्सेल स्पष्ट दिसतात. कॉन्ट्रास्ट वाढवला तर भेग उठून दिसते आणि मूळ फोटोला धक्का लागत नाही. फक्त एक पाहा: काँक्रीटवरचे शटरिंगचे ओरखडे, कोळ्याची जाळी आणि ओल उतरल्याचे डाग कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर हुबेहूब भेगेसारखे दिसतात.

प्रश्न: आमच्या टीममध्ये एकाने आखलेल्या रेघा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फोटोच्या भलत्याच जागी येतात. काही फोटोंवर तर चक्क आडव्या पडतात. फोटो सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवले होते.
एक वाचक, धरमपेठ

उत्तर: तुमच्याकडे दोन वेगळे आजार एकत्र आले आहेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होऊन पोचतो. समजा ४००० बाय ३००० चा १६०० बाय १२०० झाला. रेघा लहान फोटोवर आखल्या आणि मूळ फोटोवर उघडल्या तर सगळ्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे गोळा होतात. प्रत्येक एक्स आणि वायला २.५ ने गुणलं की त्या जागेवर येतात, बारकाई मात्र लहान फोटोइतकीच राहते. पुढच्या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा.

आडव्या पडणाऱ्या रेघांचं कारण मोबाइल उभा धरून काढलेले फोटो. अनेक मोबाइल असा फोटो आडवाच साठवतात आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी खूण फाइलमध्ये ठेवतात. ब्राउझर ती खूण पाळतो, पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली पिलोसारखी लायब्ररी फोटो उघडताना स्वतःहून पाळत नाही. त्यामुळे रेघा उभ्या फोटोच्या आणि खाली फोटो आडवा. काम सुरू करण्यापूर्वीच सगळे फोटो खरेखुरे फिरवून नव्याने सेव्ह करणं हा सरळ उपाय. रेघा आखून झाल्या असतील आणि फोटो दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरत असेल, तर साठवलेल्या आडव्या फोटोसाठी नवा एक्स म्हणजे जुना वाय, आणि नवा वाय म्हणजे आडव्या फोटोची उंची वजा जुना एक्स. आधी एकाच फोटोवर करून पाहा.

प्रश्न: काटोलकडच्या संत्रा बागेचे ड्रोनचे फोटो आहेत. झाडांच्या ओळी आखून गळालेली झाडं मोजायची आहेत. ऑनलाइन साधनात हे होईल का?
एक बागायतदार, काटोल रोड

उत्तर: होईल. प्रत्येक ओळीला पहिल्या आणि शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी एकेक बिंदू द्या, घेराच्या कडेशी नको. आपल्याकडे संत्र्याची जुनी लागवड बहुधा ६ बाय ६ मीटरवर असते. ड्रोनच्या फोटोत एक पिक्सेल ३ सेंटिमीटरचा असेल तर शेजारच्या दोन रेघांमध्ये २०० पिक्सेल यायला हवेत. कुठे ४०० आले तर मधली ओळ सुटली आहे. ओळीच्या लांबीला २०० ने भागून १ मिळवला की त्या ओळीत मुळात किती झाडं होती ते कळतं. त्यातून उभी झाडं वजा करा. अलीकडची दाट लागवड असेल तर अंतर आधी टेपने मोजून घ्या.

रेघ ओळीच्या मध्यावर झाडांपासून सुटत असेल तर दोष बहुधा एकेकट्या फोटोचा असतो, ड्रोनच्या काचेमुळे कडेच्या ओळी वाकतात. सगळे फोटो जोडून केलेला ऑर्थोफोटो वापरा. आणि या रेघा सातबाऱ्याच्या नकाशावर बसवायच्या असतील तर ही साधनं सोडा. फोटोवरच्या रेघेला अक्षांश-रेखांश नसतात. त्या कामाला क्यूजीआयएस हे मोफत मिळणारं नकाशांचं सॉफ्टवेअर बरं.

प्रश्न: ६०० फोटो आखले, कोको या फाइल-प्रकारात एक्सपोर्ट केले, तर फाइलमध्ये रेघाच नाहीत! सगळं गेलं का?
एक वाचक, हिंगणा

उत्तर: काही गेलेलं नाही. कोकोमध्ये चौकटी आणि बंद आकार असतात, उघड्या रेघेला तिथे जागा नाही, त्यामुळे सीव्हॅट ती वगळतं. योलोच्या चौकटींच्या प्रकारातही तेच होईल. पुन्हा एक्सपोर्ट करताना ‘सीव्हॅट फॉर इमेजेस’ निवडा, व्हिडिओवर ट्रॅक असतील तर ‘सीव्हॅट फॉर व्हिडिओ’. एक्सएमएल फाइल मिळेल. तिच्यात प्रत्येक पॉलिलाइनचे बिंदू अर्धविरामाने वेगळे केलेले आणि प्रत्येक बिंदूचे एक्स-वाय स्वल्पविरामाने वेगळे केलेले दिसतील. रेघा बंद आकारात बदलून कोकोत बसवायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. शेवटचा बिंदू पहिल्याला जोडला जाईल आणि रेघेचा वेडावाकडा बंद आकार होईल. पुढच्या वेळी ५ फोटो झाले की एकदा एक्सपोर्ट करून फाइल उघडून पाहा.

प्रश्न: एका क्लिकला दोन बिंदू पडतात. आणि वीज गेली की काम जातं.
एक वाचक, जरीपटका

उत्तर: माउसचं बटण झिजलं आहे, बर्डीच्या बाजारातून नवा माउस आणा. एकावर एक पडलेले बिंदू डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या तुकड्याची लांबी शून्य येते आणि दिशा काढणारा प्रोग्राम तिथे अडखळतो. म्हणून जुन्या फाइलमध्ये लागोपाठ सारखे आलेले बिंदू शोधून काढून टाका. विजेसाठी: सीव्हॅटमध्ये आपोआप सेव्ह होणं मुळात बंद असतं. सेटिंगमध्ये ते सुरू करा. चालू केल्यावर वेळ १५ मिनिटांची असते, ती ५ वर आणा, आणि फोटो बदलण्यापूर्वी कंट्रोल-एस दाबत चला.